पहिले चाळीस सेकंद

त्या गुरुवारी सकाळी चैताली पगारे गंगापूर रोडवरच्या ऑफिसात बसून बेदाण्यासाठी पहिलं वाक्य शोधत होती. पिंपळगावच्या एका व्यापाऱ्याला आपल्या मालाचे व्हिडिओ काढायचे होते. पॅकहाउसात खोक्यांसमोर उभं राहून तो हात जोडून बोलला होता. नमस्कार, मी अमुक, आमच्या घरात तीन पिढ्या द्राक्षं, आजोबांनी पहिला वेल लावला तेव्हा गावात वीज नव्हती. चांगला बोलला होता. तो नमस्कार, त्या तीन पिढ्या आणि ती वीज कापून टाकणं हे चैतालीचं काम होतं. कापलेल्या जागी एकच वाक्य घालायचं, असं की मोबाइलवर वर सरकणारा अंगठा जागीच थांबावा. धंद्यात त्याला हुक म्हणत. ऑफिसचा मालक सनी तिच्यापेक्षा सात वर्षांनी लहान होता आणि दिवसातून चारदा तरी म्हणायचा, ताई, तीन सेकंद, त्यापुढे देव जरी आला तरी कुणी बघत नाही. व्हिडिओचा बाकीचा मजकूर शेजारच्या टेबलावरची तेजल लिहायची. चैताली फक्त सुरुवाती लिहायची, दिवसाला वीस-पंचवीस. कुणी विचारलं तर घरी तेच सांगायची, मी सुरुवात लिहिते. आईनं एकदा भाजी निवडता निवडता विचारलं होतं, मग शेवट कोण लिहितं? शेवटापर्यंत कुणी थांबत नाही, असं तिनं उत्तर दिलं होतं, आणि दोघी हसल्या होत्या.

प्रत्येक व्हिडिओचा एक आलेख यायचा. किती माणसं कुठपर्यंत थांबली, ते सांगणारी रेघ. ती उंचावरून निघायची आणि तिसऱ्या सेकंदाला कड्यावरून पाय सुटल्यासारखी खाली यायची. उरलेली दहा-बारा टक्के माणसं तळाशी सपाट चालत राहायची. चार वर्षांत चैतालीनं अशा हजारो रेघा पाहिल्या होत्या, आणि त्यांनी तिच्या कानात काहीतरी कायमचं बदलून टाकलं होतं. समोरचं माणूस बोलायला लागलं की ते कुठल्या शब्दाला रटाळ होणार हे तिला आधीच कळायचं. लग्नात, दुकानात, विहारातल्या वंदनेनंतरच्या भाषणांत तिला ती रेघ खाली येताना दिसायची. तिची वाचायची सवय जुनी, घरात भिंतभर पुस्तकं होती, पण हल्ली कादंबरी उघडली तरी पहिलं पान ती घाईनं उलटायची आणि मग स्वतःवरच चिडून मागे यायची.

अकरा वाजून सात मिनिटांनी नानांचा, तिच्या वडिलांचा, निरोप आला, आवाजातला, दोन मिनिटं चौदा सेकंदांचा. टायपिंग त्यांना जमायचं, पण पसंत नव्हतं. पाटबंधारे खात्यात कारकुनी करून निवृत्त झालेला माणूस, जन्मभर लिहिलंच, आता बोलू द्या, असं म्हणायचे. बोलायचे मात्र फार लांबून. घरी गॅस संपला हे सांगायचं असलं तरी सकाळी उठल्यापासून सुरुवात व्हायची, मध्ये पारा किती उतरला ते यायचं, दुधवाला यायचा, आई काय म्हणाली ते यायचं. चैतालीनं नकळत त्याचंही माप काढून ठेवलं होतं. मुद्दा साधारण चाळीस सेकंदांनंतर लागतो. म्हणून त्यांचा निरोप आला की ती फोनवरच्या निरोपाच्या रेघेवरचा ठिपका बोटानं चाळीसच्या पुढे सरकवायची आणि तिथून ऐकायची. त्या दिवशीही तिनं तसंच केलं. एका कानात नानांचा आवाज, डोळ्यांसमोर बेदाणा. पेपर टाकणारा पोरगा रविवारची पुरवणी सोमवारी देतो, विहाराच्या वाचनालयात लोक येऊन परत जातात, बहिरूकाका म्हणाले पेपरवाला बदला, पण त्या पोराची आई आजारी आहे म्हणून धीर होत नाही. नांदगावहून आत्याचा फोन होता, उन्हाळ कांदा बरा निघालाय, एक गोणी पाठवते म्हणाली. तर असं आहे. बाकी ठीक. चैताली गालातल्या गालात हसली. अंगठ्याचं चित्र पाठवलं. मग लिहिलं, बेदाणा धुऊन खाता? मग तुम्ही त्यातली निम्मी चव नळाखाली सोडता. सनी खुर्चीतून उठून आला आणि म्हणाला, ताई, झालं, हेच.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई पोळ्या करत होती आणि नाना दारातच होते. चपला काढता काढता ती म्हणाली, ऐकला हो तुमचा निरोप. नानांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं, आणि बरं झालं म्हणाले. खिडकीशी जाऊन ती उगाचच लावून घेतली, परत उघडली. जेवताना उपनगर नाक्यावर खणून ठेवलेल्या रस्त्याबद्दल बोलणं झालं. नानांनी एकच पोळी खाल्ली. आईनं कारण विचारलं तर दुपारी मुरमुरे जास्त झाले म्हणाले. त्यापलीकडे त्या दिवसात काही नव्हतं. तो दिवस इतका साधा होता की पुढे कितीतरी दिवस चैताली तो कोटाच्या खिशासारखा उलटा करून बघत राहिली, तेव्हा अस्तराचे धागे तेवढे हाताला लागले.

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास नाना विहारातल्या बाकावर पेपरांची चळत मांडीवर घेऊन बसलेले असताना गेले. तिथलं वाचनालय तेच सांभाळायचे, रोज प्रत्येक पेपरावर आवक तारखेचा शिक्का मारायचे, कचेरीतली सवय. तीन पेपरांवर शिक्का उमटला होता, चौथा कोरा होता. शेजारी बसलेल्या बहिरूकाकांना वाटलं डुलकी लागली. आई घरून पीठ माखल्या हातांनी धावत गेली. एकतीस वर्षं महापालिकेच्या दवाखान्यांत नर्स होती ती. नवऱ्याला फरशीवर निजवून रुग्णवाहिका येईपर्यंत तिनं स्वतःच्या हातांनी छाती दाबली. मोठ्यानं मोजत होती, तीस झाले की थांबायची, श्वास द्यायची, पुन्हा एकपासून. भोवतीची माणसं नंतर सांगत राहिली की लताबाईंच्या आवाजात जराही कंप नव्हता. नानांच्या सदऱ्यावर कणकेचे तळवे उमटले होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी घरात माणसं असताना चैताली गच्चीवर गेली. कपड्यांच्या दोरीखाली बसून तिनं नानांचा आवाज ऐकावा म्हणून फोन काढला. शेवटचा निरोप होता तोच. या वेळी घाई नव्हती, म्हणून तो पहिल्यापासून लावला. नानांनी घसा खाकरला, आणि नमस्कार नाही, पारा नाही, दुधवाला नाही, सरळ म्हणाले, "चैताली, विषय, छातीत दुखतंय. काल जिना चढताना दुखलं, आज सकाळी पुन्हा. डावा हात जरा जड आहे. आईला सांगू नको, ती रिक्षात घालून नेईल, सगळी कॉलनी गोळा होईल. डॉक्टरकडे आज जावं का सोमवारपर्यंत बघावं, तू सांगशील तसं करतो. आता बाकीचं." आणि मग पेपरवाला, मग आत्या, मग कांदा.

विषय. तो शब्द कुठून आला हे तिला लगेच आठवलं. दिवाळीत नानांनी तिला विचारलं होतं की तू नेमकं करतेस काय, आणि तिनं त्यांना समोर बसवून दोन व्हिडिओ दाखवले होते, हा चालला, हा पडला, का, तर यानं मुद्दा आधी सांगितला. नानांनी चष्मा वर करून दोन्ही पुन्हा पाहिले. मग खुशीत म्हणाले, अगं, हे तर आमच्या सरकारी पत्रासारखंच झालं, विषय वर, संदर्भ खाली. ती म्हणाली होती, मग बोलताना का नाही तसं करत? तुमचं ऐकायचं म्हणजे मनमाडहून निघून नाशिकला यायचं. ते हसले होते. त्यांना लागलं असेल असं तिला तेव्हा वाटलं नाही. आणि सहा महिन्यांनी, सहासष्टाव्या वर्षी, या माणसानं जन्माची सवय मोडून विषय वर घेतला होता, तिच्यासाठी, ती ज्या टोकाला ऐकते असं त्यांना वाटत होतं त्या टोकाला नेऊन ठेवला होता. निरोप ऐकला की पाठवणाऱ्याच्या फोनवरचं ते छोटं चिन्ह निळं होतं, हेही तिनंच त्यांना शिकवलं होतं. निळं झालं म्हणजे पोचलं, नाना, मग परत फोन करून ऐकलंस का विचारायचं नाही. अकरा वाजून आठ-नऊ मिनिटांनी नानांच्या फोनवर ते निळं झालं असणार. त्याच्याखाली अंगठा आला असणार. मुलीला काही विशेष वाटलेलं नाही, म्हणजे काही विशेष नाही. संध्याकाळी दारात तिनं ऐकला म्हणूनही सांगितलं. तेव्हा आई चार पावलांवर होती, आणि ते विचारू शकत नव्हते.

खालून आत्याचा आवाज येत होता. चतुरा आत्या नांदगावहून आली होती, नानांहून थोरली, भावाच्या आधी जायला हवं होतं म्हणणारी. ती आईला म्हणत होती, "तू नर्स ना गं? लय मानसं वाचिवली म्हनतेस. घरातल्या मानसाचं तोंड बघून कळलं नाय?" त्यात दुष्टावा नव्हता, दुःखानं धारदार झालेलं बोलणं होतं. आई म्हणाली, सांगितलं असतं तर कळलं असतं, त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. चैताली गच्चीच्या पायरीवर होती. तिथून खाली यायला अकरा पायऱ्या. त्या उतरताना बोलायचं तिनं ठरवलं होतं, आणि खाली पोचली तेव्हा कुणीतरी चहाचा ट्रे तिच्या हातात दिला.

त्यानंतर ते वाक्य घरात राहायलाच आलं. भेटायला येणारं प्रत्येक माणूस तेच विचारायचं, आधी काही लक्षण नव्हतं का, आणि आई तेच सांगायची, कुणाला सांगितलं नाही. आधी त्यात नुसती हकिकत होती. मग तक्रार आली. मग चैतालीला ऐकू येऊ लागलं की आई ते पाहुण्यांना सांगत नाहीच, ती फोटोतल्या नानांना सांगते आहे. चाळीस वर्षं एका ताटात जेवलो, तुम्हाला मी इतकी परकी. एकदा फोटो पुसता पुसता ती मध्येच थांबली आणि फडकं तसंच टाकून आत गेली. चैतालीकडे एक गोष्ट होती जी त्या मृत माणसाला या आरोपातून सोडवू शकत होती, आणि ती बाहेर काढली की त्या जागी तिला स्वतःला उभं राहावं लागणार होतं. इतकं सरळ होतं ते. सरळ असूनही दिवस जात होते.

दुसऱ्या रविवारी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. पांढरे कपडे, मेणबत्त्या, त्रिशरण पंचशील, मग आदरांजली. बहिरूकाकांनी माइकवर सांगितलं, आता मुलगी बोलेल, चैताली लिहिते, तिचं ऐकू. आदल्या दुपारी ती कागद घेऊन बसली तेव्हा हातानं सवयीनं सुरुवातीच काढल्या. माझ्या वडिलांनी मरण्याआधी मला एक प्रश्न विचारला होता. पुढचं वाक्य लिहिण्याआधीच तिला कळलं की हे चालणार. ही कबुली होती, आणि कबुलीसारखी दुसरी सुरुवात नाही हे तिनंच तेजलला शिकवलं होतं. एक गोष्ट मी आजपर्यंत कुणालाच सांगितली नाही, हे वाक्य तिनं दोन वर्षांपूर्वी शालिमारच्या एका साडीवाल्याला विकलं होतं, आणि त्याच्या दुकानासमोर त्या आठवड्यात रांग लागली होती. खरं सांगायला तिच्याजवळ जे शब्द होते ते सगळे वापरून गुळगुळीत झालेले. तिनं कागद चुरगळला. माइकवर ती दुसरंच बोलली. नाना बोलायला लागले की ऐकणाऱ्याची मनमाडची गाडी चुकायची, असं म्हणाली. लोक हसले, मग डोळ्यांना पदर गेले. दोनशे माणसांत कुणीही फोनकडे पाहिलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. लक्षात आलं याचीच तिला शिसारी आली. आई पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती आणि हसली नव्हती.

ती कामावर परत गेली. सनीनं एरवीचं तीन सेकंद दिवसभर तोंडातून काढलं नाही. कामाच्या यादीत एका हृदयरोगतज्ज्ञाचं नाव तिच्यापुढे होतं ते तेजलच्या पुढे गेलं होतं, कुणीतरी गुपचूप सरकवलेलं. तेजल मान खाली घालून लिहीत होती. चैतालीला त्यांची माया कळली, आणि त्याच वेळी वाटलं, यांनीही मला पुढे सरकवून दिलं. ती लिहायला बसली की आता सुरुवातीआधीचं ऐकू यायचं. कुणी घसा खाकरतं, कुणी नमस्कार म्हणतं, कुणी आपल्या बापाचं नाव घेतं. त्र्यंबक रोडला प्लॉट विकणारा एक माणूस कॅमेऱ्यासमोर सुरुवातीला नुसताच उभा राहिला होता, चार सेकंद, जीभ ओठांवरून फिरवत. तिनं ते चार सेकंद पुन्हा पुन्हा पाहिले. काय सांगायचं राहिलं होतं त्याला? मग कापले.

बसनं घरी येताना तिला लहानपणचं एक आठवायचं. नांदगावच्या स्टँडवर रात्र पडेपर्यंत गाडी आली नव्हती, ती सहा-सात वर्षांची, नानांच्या पिशवीवर बसलेली. नाना त्यांना नोकरी कशी लागली ते सांगत होते. गोष्ट आजोबांच्या चपलेपासून सुरू झाली होती. चपलेचा अंगठा तुटला, म्हणून आजोबा चांभाराकडे गेले, तिथं एका मास्तरांशी गाठ पडली, मास्तर म्हणाले पोराला शाळेत घाल. नानांनी एकदा मधलं काही गाळलं तर ती रडकुंडीला आली होती. असं नाही, पहिल्यापासून सांगा, चपलेपासून. आणि नानांनी तिचं डोकं कुरवाळून पुन्हा चप्पल तोडली होती. तेव्हा तिला कळत होतं की नोकरी शेवटी लागणारच आहे, गंमत चपलेत आहे. हे कळणं तिच्यातून कधी गेलं? कुठल्या वर्षी, कुठल्या आलेखाला? आणि लगेच दुसरं मन म्हणायचं, हेही तू लांबून सुरू करते आहेस, चपलेपासून. सांगायचं आहे ते एक वाक्याचं आहे.

घराला पुढे गॅलरी होती. निवृत्त झाल्यापासून दर रविवारी सकाळी तिथं कॉलनीतल्या बायका रक्तदाब मोजून घ्यायला यायच्या. आई खुर्ची मांडायची, पट्टा गुंडाळायची, नळी कानात घालायची, आणि त्या वेळी नानांना सुद्धा पेपराचं पान उलटायला बंदी असायची. औषध ती सांगायची नाही, डॉक्टरकडे जायला सांगायची, आणि पुढच्या रविवारी गेलीस का म्हणून खडसावून विचारायची. गेले पाच रविवार खुर्ची आत होती. बायकांनीही सुतक म्हणून नव्हे, तसं त्या मानत नसत, पण माणुसकी म्हणून विचारलं नव्हतं.

सहाव्या रविवारी समोरच्या सखुबाई आल्या. दोन दिवस गरगरतंय, म्हणत त्यांनी कट्ट्यावर बसून बाही वर केली. चैताली आतल्या खोलीत पुस्तक घेऊन बसली होती, पहिलं पान अर्ध्या तासापासून उघडं. आईचा आवाज आला. "नका दाखवू मला, सखुबाई. दवाखान्यात जा."

"अहो, तुमचा हात लागला की निम्मं बरं वाटतं."

"हात?" आई म्हणाली. "माझ्या घरातल्या माणसाला वाटलं नाही मला सांगावं. शेजारी निजत होता तो. काहीतरी कमी असल्याशिवाय का? एकतीस वर्षं मी लोकांचे हात धरले, आणि त्यानं मला हात दाखवला नाही. ते यंत्र मी दवाखान्यात नेऊन देणार आहे उद्या."

वर केलेली बाही सखुबाईंनी हळूहळू खाली घेतली, ते कापड सरकल्याचं चैतालीला दिसत नव्हतं, तरी ऐकू आल्यासारखं वाटलं. ती उठली. उठताना डोक्यात सुरुवाती आल्या, एकामागून एक, चार-पाच, प्रत्येक नीट घडवलेली, प्रत्येकीत तिला स्वतःला थोडं मऊ उभं करण्याची सोय होती. उंबऱ्यापर्यंत त्या येत राहिल्या. गॅलरीत ऊन होतं. आईच्या मांडीवर रक्तदाबाच्या यंत्राची काळी पेटी होती, झाकण बंद, आणि दोन्ही हात पेटीवर पालथे. त्या हातांकडे पाहताना डोक्यातलं सगळं एकदम थांबलं. चैताली आईसमोर फरशीवर बसली. सखुबाई उठायला लागल्या, तर तिनं त्यांना हातानं खाली बसवलं.

"नानांनी सांगितलं होतं, आई. मला सांगितलं होतं. गुरुवारी अकरा वाजता, छातीत दुखतंय म्हणून. आज जाऊ का सोमवारी, विचारलं होतं. तुझ्यात काही कमी नव्हतं. तू लगेच नेशील हे त्यांना माहीत होतं, म्हणून तुला सांगितलं नाही, आणि माझ्यावर सोडलं. मी त्यांचं बोलणं सुरुवातीपासून ऐकत नाही. कधीच नाही. पुढे सरकवून ऐकलं आणि अंगठा पाठवला. त्यांना वाटलं मी ऐकलं. मी ऐकलं नव्हतं, आई."